एका धंद्याला एकच खुर्ची

“पंप दुरुस्ती?”

पोस्टमास्तरांनी हजेरीच्या वहीतून डोकं वर न काढता पुकारा केला. उत्तर आलं नाही. त्यांनी चष्म्यावरून पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीला ऐकू गेलं नसेल अशा थाटात पुन्हा विचारलं, “पंप दुरुस्ती?”

मागे, दाराशी एकट्याने बसलेल्या पाहुण्यांच्या जिभेवर ‘हजर’ येऊन थांबलं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

“गैरहजर,” पोस्टमास्तर म्हणाले. “सलग तिसरा गुरुवार.” आणि त्यांनी वहीत एक फुली मारली.

या क्लबात हजेरी नावाने नव्हे, धंद्याने घेत. दंतवैद्य, बेकरी, छपाई, शिवणकाम, टपाल. कोणे एके काळी एका संस्थापकाने नियम करून ठेवला होता की एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा, म्हणजे सभेत कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवणार नाही आणि सेवेच्या कामात भांडणं होणार नाहीत. संस्थापक कधीच गेले, भांडणं व्हायची ती होतच राहिली, पण नियम मात्र भिंतीतल्या खिळ्यासारखा पक्का बसला. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या माडीवर घंटा वाजे, हजेरी होई, चहा-बिस्किटं होत, आणि मग कुठल्या शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायचे, कुणाच्या घरी चाकाची खुर्ची पोचवायची, यावर तासभर कडाक्याची चर्चा चाले. एवढी माणसं एका खुर्चीवरून एवढा वेळ कशी बोलू शकतात, हे बाहेरच्याला कळलं नसतं.

आणि पाहुणे? तेही पंप दुरुस्तीच करत. त्या धंद्याची खुर्ची त्यांना काम शिकवणाऱ्या वस्तादांकडे होती, म्हणून त्यांचं नाव पाहुण्यांच्या वहीत. पहिल्या गुरुवारी सही केली ती ‘पाहुणा’ म्हणून, दुसऱ्या गुरुवारीही. असं करता करता अकरा वर्षं झाली. क्लबाने दुरुस्तीला घेतलेला एकही पंप पाहुण्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिला नव्हता. सरकारी दवाखान्याच्या विहिरीत ते कमरेला दोर बांधून उतरले होते. पण हजेरीत त्यांचा पुकारा नव्हता आणि मत द्यायला हात वर करायचा नव्हता. आता तर सगळे त्यांना ‘पाहुणे’ म्हणूनच हाक मारत, आणि अकरा वर्षांचा पाहुणा म्हणजे नुसता विनोद आहे, हे पाहुण्यांनाही कळत होतं. तेही हसत. हसून घरी जात आणि बायकोवर उगाचच खेकसत.

सभा संपल्यावर अध्यक्ष असलेल्या दंतवैद्य बाई त्यांच्याजवळ आल्या. “पाहुणे, पुढचा गुरुवार चौथा. सलग चार गुरुवार चुकले की खुर्ची रिकामी होते. मी तुमचं नाव सुचवणार आहे.”

“माझं?”

“मग काय भिंतीचं?” बाई हसल्या. “वस्तादांना झटका येऊन गेलाय, उजवा हात चालत नाही. जिना चढवत नाही आणि उचलून आणतो म्हटलं तर शिव्या देतात. कुणी भेटायला गेलं तरी दार उघडत नाहीत. आम्ही तरी काय करणार?”

बेकरीवाल्याने पाहुण्यांची पाठ थोपटली. शिवणकामवाल्या मावशींनी “आता पेढे नको, चांगला शर्ट शिवून घ्या माझ्याकडून,” असं सांगून टाकलं. पाहुणे जिना उतरले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. मात्र आपल्या गल्लीत शिरल्यावर ते लागले.

गल्लीत दोन दुकानं समोरासमोर होती. एक पाहुण्यांचं. दुसरं वस्तादांचं, आणि त्याचं शटर गेले तीन आठवडे अर्ध्यावर होतं. त्या शटरामागे पाहुण्यांनी चौदा वर्षं काम केलं होतं. पान्हा कसा धरायचा, मोटरीच्या अंगावर हात ठेवून आतलं दुखणं कसं ओळखायचं, गिऱ्हाइकाला खोटं न सांगता धीर कसा द्यायचा, हे सगळं तिथलं. मग स्वतःचं दुकान काढायचं ठरलं. वस्तादांना सोमवारी सांगायचं, असं पाहुण्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण रंगाऱ्याला कधी नव्हे ती तत्परता सुचली आणि त्याने रविवारीच पाटी टांगली. वस्तादांनी ती सकाळी दात घासता घासता वाचली. त्या दिवसापासून ते पाहुण्यांशी एक अक्षर बोलले नव्हते. सभेत पाठ फिरवून बसत, विहिरीवर एकाच दोराची दोन टोकं धरत, पण बोलणं नाही. “त्याला सांगा दोर ढिला सोड,” असं ते बेकरीवाल्याला सांगत, आणि पाहुणे समोरच उभे असत.

बायकोला बातमी कळली तेव्हा तिचा चेहरा खुलला. “बरं झालं बाई! अकरा वर्षं दाराशी बसलात. आता आत बसा.”

“वस्तादांची खुर्ची आहे ती.”

“त्यांची होती.”

“माणूस जिवंत आहे अजून.”

“अहो, मग मी काय त्यांच्या जिवावर उठलेय का? नियम त्यांच्याच क्लबाचा आहे ना? तुम्ही काही कुणाला उठवत नाही आहात.” तिने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. “हातातोंडाशी आलेला घास आहे. उगाच साधुपणा करू नका. नंतर माझ्यावर चिडचिड कराल.”

ती बोलत होती ते सोळा आणे खरं होतं. म्हणूनच पाहुण्यांना ते सोसवेना. पाटीच्या वेळीही सगळं नियमाला धरूनच झालं होतं. स्वतःचं दुकान काढायला कुणाची परवानगी लागत नाही. तरीही अकरा वर्षं तो रविवार त्यांच्या घशात अडकून होता. आता वस्ताद खाटेवर पडलेले असताना आपण माडीवर बसून ‘हजर’ म्हणायचं? आणि त्यांना ते पुन्हा दुसरीकडूनच कळायचं?

दुसऱ्या दिवशी ते दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात गेले. बाईंना वाटलं दाढ दुखतेय.

“सभा माडीवरच घ्यायची असं नियमात आहे का हो?” पाहुण्यांनी विचारलं.

बाईंनी पोस्टमास्तरांना फोन लावला. पोस्टमास्तरांना नियमावली तोंडपाठ होती, किंबहुना नियमावलीखेरीज त्यांना फारसं काही पाठ नव्हतं. “घंटा, वही आणि सात सभासद,” त्यांनी सांगितलं. “एवढं असेल तर सभा झाडाखालीही होते. कलम बारा.”

बाईंनी फोन ठेवला आणि पाहुण्यांकडे नीट पाहिलं. “म्हणजे वस्ताद हजर लागतील. खुर्ची त्यांचीच राहील. तुमचं काय?”

“मी पाहुणा आहेच की.”

“आणि त्यांनी सगळ्यांसमोर हाकलून दिलं तर?”

“तर बाहेर उभा राहीन. सवय आहे.”

गुरुवारी सहाला पाच कमी असताना नऊ सभासद वस्तादांच्या दुकानासमोर जमले. त्यांच्या सूनबाईंना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी शटर वर केलं आणि सासऱ्यांच्या रागापासून लांब, आतल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दुकानात बसायला जागा होती, खुर्च्या नव्हत्या. तेव्हा पाहुण्यांनी आपल्या दुकानातून दोन-दोन खुर्च्या काखेत मारून आणायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला उंबरठ्याशी त्यांचे पाय अडखळले. अकरा वर्षांत ते या बाजूला आले नव्हते. आत ऑइलचा आणि तांब्याच्या तारेचा तोच वास होता.

वस्ताद भिंतीशी, कामाच्या टेबलापाशी बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“हे काय? गेलो की काय मी? कुणी मला सांगितलं नाही ते!”

“सभा आहे,” दंतवैद्य बाई म्हणाल्या. “गुरुवार आहे आज.”

“सभेला घंटा लागते.”

बाईंनी पिशवीतून घंटा काढून टेबलावर ठेवली. वस्तादांनी ती एकदा निरखली. त्यांची नजर खुर्च्यांवर गेली, मग खुर्च्या आणणाऱ्यावर. पाहुणे दाराशी, अर्धे आत अर्धे बाहेर, शेवटची खुर्ची हातात धरून उभे होते. हाकलतील तर आत्ताच, असं त्यांना वाटलं. पण वस्तादांनी मान दुसरीकडे वळवली. वाजली घंटा.

“दंतवैद्य?”

“हजर.”

“बेकरी?”

“हजर.”

“शिवणकाम?”

“आहे बाबा.”

“पंप दुरुस्ती?”

वस्तादांनी डावा हात लांबवून टेबलावरचा पान्हा उचलला आणि उजव्या तळहातावर ठेवला. बोटं मिटायचा प्रयत्न केला. मिटली नाहीत. पान्हा घरंगळून फरशीवर पडला. पाहुणे उचलायला धावले.

“राहू दे,” वस्ताद म्हणाले.

सगळ्या खोलीला कळलं की ते कुणाला उद्देशून होतं. बेकरीवाल्याने तर आपल्याला काही निरोप द्यायचाय का, म्हणून सवयीने मान पुढे केली होती. ती त्याने मागे घेतली.

“पंप दुरुस्ती?” पोस्टमास्तरांनी हळू आवाजात पुन्हा विचारलं.

“मी हजर आहे,” वस्ताद म्हणाले. “पंप दुरुस्ती गैरहजर आहे. यायची नाही ती आता. पोस्टमास्तर, सभासदाला धंदा बदलता येतो का?”

“येतो. कलम नऊ. बेकरीवाले आधी फर्निचरमध्ये होते.”

“मग माझ्यापुढे लिहा, निवृत्त.”

खोलीत चुळबुळ झाली. तो शब्द त्या वहीत आजवर कुणी लिहू दिला नव्हता. पोस्टमास्तरांना नोकरी सोडून दहा वर्षं झाली होती, तरी वहीत ते ‘टपाल’ होते. मावशींना सुईत दोरा ओवता येत नसे, तरी ‘शिवणकाम’.

“निवृत्त हा काही धंदा नाही, वस्ताद,” पोस्टमास्तर कळवळून म्हणाले.

“नाही कसा? दिवसभराचा आहे. रविवारची सुट्टीसुद्धा नाही. सूनबाईला विचारा.”

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कळलं नाही. बाकीचे हसले आणि लगेच थांबले.

“निवृत्तीच्या धंद्याचा क्लबात दुसरा कुणी नाही ना? मग झालं तर,” वस्ताद म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. सरळ डोळ्यांत बघून. “इकडे ये रे.”

पाहुणे खुर्ची ठेवून पुढे झाले.

“तू पाटी लावलीस तेव्हा मला सांगितलं नव्हतंस. मी आज उतरतोय तो चार माणसांत, तुला सांगून उतरतोय. फरक कळला?”

“चुकलं माझं, वस्ताद.”

“एवढं म्हणायला अकरा वर्षं?”

“तुम्ही बोलायला कुठं दिलंत?”

“मी बोलत नव्हतो, लेका. कान उघडे होते माझे.”

एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही, या विचाराने पाहुण्यांना एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. त्यांनी दोन्ही केलं, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

“पुरे,” वस्ताद म्हणाले. “मागच्या सरकारी दवाखान्याच्या पंपाचा आवाज बदललाय. इथे बसून ऐकू येतो मला. बेअरिंग गेलंय. उद्या जाऊन बघ. आणि आलास की मला सांग, बरोबर होतं की नाही ते.”

“तुमचं चुकलंय कधी?”

“चुकलंय. एकदा. सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं मी.”

म्हणजे रंगाऱ्याची गोष्ट त्यांच्या कानावर केव्हातरी गेली होती. पाहुण्यांनी विचारलं नाही. मोठा माणूस एवढं कबूल करतो तेव्हा पुढचं विचारायचं नसतं.

पोस्टमास्तरांनी खिशातून शाईचं पेन काढलं आणि वहीवर वाकले. वस्तादांनी डावा हात पुढे केला.

“आणा इकडे. माझ्या धंद्यावर रेघ दुसऱ्या कुणी मारायची नाही.”

वही त्यांच्यासमोर ठेवली गेली. ‘पंप दुरुस्ती’ हे शब्द तीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिले होते, ठसठशीत, उजव्या हाताने. आता डाव्या हातातलं पेन शब्दाच्या सुरुवातीशी टेकलं आणि निघालं. रेघ वाकडी जात होती. एकदा खाली घसरली, एकदा वर चढली. सूनबाई दारातून एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. पाहुणे टेबलाच्या काठाला धरून उभे होते, त्यांनी हात पुढे केला नाही. कुणीच केला नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ वस्तादांनीच नेली, मग शेजारी नवा शब्द लिहिला, आणि पेन बाजूला ठेवून पानावर हात ठेवून बसले.

पुढचे धंदे पुकारायचे राहिले होते. बाईंनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पण नियमाचे एवढे पक्के पोस्टमास्तर, त्यांनी वही मागितली नाही.

“सावकाश होऊ द्या,” ते म्हणाले. “शाई ओली आहे अजून.”