आडोशाची मागली बाजू

आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मला सरळ उभं राहता येत नाही. आळस म्हणून नव्हे, माझी घडणच तशी आहे. मी एक जुना, घडीचा, लाकडी आडोसा आहे. मला तीन झडपा, दोन जोड आणि प्रत्येक जोडाला तीन बिजागऱ्या. झडपा एकमेकींशी जरा वाकड्यात असल्या की मी वर्षानुवर्षं उभा राहतो. तिघी एका रेषेत आल्या की मी पडलोच म्हणून समजा.

मला घडवणारा सुतार फार कमी बोलायचा. तोंडात कायम खिळे धरलेले, बोलणार तरी कसा? शेवटची बिजागरी बसवून त्याने मला उभं केलं, चार पावलं मागे सरला, एक डोळा बारीक केला आणि खिळ्यांच्या फटीतून म्हणाला, "जमलं." एवढंच कौतुक. पण मी ते पुढची पंचवीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

अंगावर पिस्ता रंग चढला आणि माझी नेमणूक एका दवाखान्यात झाली. माझ्या पुढे डॉक्टरकाकांची खुर्ची, मागे रुग्णांना तपासायचं उंच टेबल. पुढच्या बाजूला सगळे शहाण्यासारखे वागायचे. काही विशेष नाही हो, जरासं दुखतंय, असं म्हणायचे. तीच माणसं माझ्या मागे आली की हळूच डोळे पुसायची. चांगले मिशीवाले गडी सुई बघून माझी कड घट्ट धरायचे. पोरं नखं ओढायची. सदरे, कोट, ओढण्या माझ्या माथ्यावर इतक्या टांगल्या गेल्या की तिथला रंग उडून लाकूड आरशासारखं झालं. नर्सबाई लहान मुलांना माझ्या कडेला उभं करून पेन्सिलीने उंचीची रेघ मारायच्या. एक रंगारी तर कामावरून तसाच उचलून आणलेला. तो माझ्यावर टेकला आणि त्याच्या पंजाचा पांढरा ठसा माझ्या पाठीवर कायमचा राहिला. पण मी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. आडोशाने चहाड्या करायच्या नसतात.

मग दवाखान्याच्या छताला दांड्या बसल्या आणि त्यांवर सरकणारे निळे पडदे आले. कसे झुळझुळीत, कसे धुता येणारे! मी गेलो मागच्या बोळात, बादली आणि झाडूच्या शेजाराला. कोळ्यांनी माझ्या घड्यांत संसार थाटले. बिजागऱ्या गंजल्या. भंगारवाला मला दोनदा ठोकून बघून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, सोमवारी नेतो.

रविवारी नर्सबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी नववीतली. शाळेत सगळे तिला मुंगी म्हणायचे. अंगाने चिमुकली, आवाजाने त्याहून चिमुकली, आणि ओझं मात्र स्वतःच्या दुप्पट उचलणारी. त्यांच्या चित्रकलेच्या बाईंनी गट पाडून प्रकल्प दिला होता: पूर्व आशियातले धर्म आणि विचार चित्रांतून दाखवा. चीन, जपान, कोरियाकडे घडीच्या आडोशांवर चित्रं काढायची जुनी परंपरा आहे, हे मुंगीने वाचलं होतं, आणि वाचता वाचता तिला बोळातला मी आठवलो होतो. मला कुणी आठवलं, मित्रांनो! डॉक्टरकाका म्हणाले, न्या खुशाल, बोळ तरी मोकळा होईल. मायलेकींनी मला हातगाडीवर घातलं आणि कोळ्यांसकट शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत आणून उभं केलं.

गटात मुंगी धरून चौघं. वर्गाची मॉनिटर, जी झोपेतसुद्धा रांगेत झोपत असेल. डुलक्या, ज्याचं नाव त्याने बाकावर मान टाकून टाकून कमावलं होतं. आणि रेडिओ नावाची मुलगी, जिला बंद करायचं बटण देव लावायला विसरला होता. मॉनिटरने लगेच विषय वाटले. कन्फ्यूशियस म्हणजे मोठ्यांचा मान, प्रत्येक नात्याची रीत, जिथली गोष्ट तिथे. तो तिने स्वतःकडे ठेवला, हे सांगायलाच नको. ताओ म्हणजे पाण्यासारखं वाहावं, उगाच जोर लावू नये; हे ऐकून डुलक्याने आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. झेन, म्हणजे बौद्धांचा ध्यानाचा पंथ, रेडिओला दिला, कारण त्यात शांत बसणं होतं आणि बाकीच्यांना तेच हवं होतं. उरला शिंतो, झाडांत, डोंगरांत, झऱ्यांत दैवी काही वसतं असं मानणारा जपानचा धर्म. आणि उरली मुंगी.

पण झडपा तीनच होत्या. तिन्ही संपल्या होत्या.

"मी मागची बाजू करते," मुंगी म्हणाली.

"मागे कोण बघतं?" मॉनिटर म्हणाली. "तू ह्याच्या बिजागऱ्या बघ. तेच महत्त्वाचं आहे."

ती हे मनापासून म्हणाली, खोटं कशाला बोलू. पण बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ज्याचं काम प्रदर्शनात दिसेल त्याचंच नाव पाटीवर येईल. बिजागऱ्या कधी कुणाला दिसतात? दार उघडतं ते दिसतं. मुंगीने मान डोलावली आणि स्क्रू पिळायला बसली.

पुढचे दोन आठवडे माझ्या पोटावर नुसती धमाल. मॉनिटरने पट्टी लावून माणसं काढली, आजोबा, बाबा, थोरली, धाकटी, सगळी एकमेकांना नमस्कार करणारी. एकही माणूस अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे नाही. डुलक्या आठवडाभर माझ्यासमोर पेंगला आणि मग एका दुपारी उठून, एका दमात, वरून खालपर्यंत अशी नदी काढली की बाईसुद्धा बघत राहिल्या. रेडिओला झेन साधू काढतात तसं काळ्या रंगाचं एकच वर्तुळ काढायचं होतं, पण आधी मन शांत करायला गप्प बसायचं होतं. ती चौदा मिनिटं गप्प बसली. शिपाईकाका काळजीने डोकावून गेले.

सगळे घरी गेले की मुंगी मला फिरवायची आणि माझ्या पाठीकडे बघत बसायची. तिला तिथे जंगल काढायचं होतं. एका शनिवारी दुपारी ती काचपेपर घेऊन आली. आता ती घासणार, ती रेघ, तो पंजा, ती नखं, सगळं जाणार, हे मला कळलं. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पंचवीस वर्षं गुपितं राखली, ती अशी भुकटी होऊन जमिनीवर पडणार होती.

तेवढ्यात नर्सबाई ड्यूटीवरून परस्पर तिला न्यायला आल्या. लेकीला काम उरकू द्यावं म्हणून बाकावर टेकल्या. आणि बसल्या बसल्या त्यांची नजर पांढऱ्या पंजावर गेली.

"अगं, हा तो रंगारी. शिडीवरून पडून पाय मोडला होता त्याचा. आणि माफी कसली मागत होता, तर पार्टिशनला रंग लागला म्हणून."

मुंगीचा हात थांबला. मग तिने एकेक खूण विचारली आणि नर्सबाईंनी एकेक सांगितली. नावं त्यांनी नाही घेतली, त्याही माझ्यासारख्याच. सगळ्यात खालच्या रेघेशी मात्र त्या वाकल्या.

"ही तू. दीड वर्षाची. पाळणाघर बंद असलं की तुला इथेच आणायचे मी. ह्याच्याच आड झोपवायचे. तुझा रडका आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

मुंगीने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग तिने आईला एक गोष्ट सांगितली. जपानातल्या काही देवळांत मोडलेल्या सुया फेकून देत नाहीत. वापरलेल्या वस्तूतही काही दैवी वसतं असं मानून वर्षातून एकदा त्यांचे आभार मानतात आणि त्यांना टोफूच्या मऊ वडीत टोचून ठेवतात. जन्मभर कडक कापडात शिरलात, आता मऊ जागी विसावा घ्या. नर्सबाईंनी जन्मभर सुयाच हाताळलेल्या. त्यांनी पर्समधून कापसाची घडी काढून लेकीच्या हातात ठेवली.

काचपेपर गेला कपाटात. मुंगीने ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली आणि बारीक ब्रशने प्रत्येक खुणेभोवती पातळ लाल गोल काढला. खाली एकेक ओळ लिहिली. नखांच्या ओरखड्यांखाली लिहिलं, इथे कुणीतरी खूप घाबरलं होतं. चकचकीत माथ्याखाली लिहिलं, इथे हजार सदरे थांबून गेले. आणि कोपऱ्यात कापूस चिकटवून त्यात माझे जुने, वाकलेले, गंजके स्क्रू एकेक करून टोचले. माझ्या सहाही बिजागऱ्यांची सेवा तिथे मऊ गादीवर विसावली. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही, हे बरंच आहे.

प्रदर्शनाच्या सकाळी मॉनिटरने टेप लावून जागा मोजली. आम्हाला भिंतीलगत सात फूट मिळाले होते. तिघांची चित्रं सारखीच दिसावीत म्हणून तिने मला सरळ करून भिंतीशी उभं केलं. माझी पाठ भिंतीकडे. बाईंनी पाटीवर तीन नावं लिहिली आणि मुंगीकडे बघून विचारलं, तुझं काम कुठलं गं? मुंगीने ओठ उघडले. पण तेवढ्यात रेडिओ पाहुण्यांबद्दल काहीतरी सांगू लागली आणि मुंगीने ओठ मिटले. माझी पाठ भिंतीला लागलेली, मी तरी काय करणार होतो?

मी मुद्दाम पडलो नाही. शप्पथ. दार उघडलं, वाऱ्याची एक झुळूक आली, आणि एका रेषेत उभ्या असलेल्या आडोशाचं जे होतं तेच माझं झालं. धाडकन मी तोंडावर आपटलो. कोपऱ्यात पेंगणारा डुलक्यासुद्धा जागा झाला, आता बोला!

सगळे धावत आले आणि माझ्याभोवती थबकले. कारण मी पालथा होतो आणि माझी पाठ छताकडे होती. लाल गोल. पंजा. रेघा. कापसातले स्क्रू. शिपाईकाका वाकून वाचायला लागले. मग बाई. मग सगळेच.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

मुंगी गर्दीतून पुढे आली. तिचा आवाज नेहमीएवढाच होता, पण या वेळी रेडिओसुद्धा गप्प होती. "मी. आणि बाई, ह्याला सरळ उभं करू नका. तो वाकवला तरच उभा राहतो. मधोमध ठेवू या, म्हणजे लोकांना फिरून बघता येईल."

मॉनिटरने हातातल्या टेपकडे पाहिलं, मग मुंगीकडे. तिच्या सात फुटांचा हिशोब मोडला होता. तिने टेप खिशात टाकला, पाटी उचलली आणि स्वतःच्या हाताने चौथं नाव लिहिलं, सगळ्यांच्या वर. "मागे कोण बघतं असं मी म्हणाले होते," ती म्हणाली, "चुकलंच माझं." आणि तिने मुंगीला अगदी तिच्या चित्रातल्या माणसांसारखा, कमरेत वाकून नमस्कार केला. डुलक्या म्हणाला, अर्धा सेंटिमीटर कमी वाकलीस.

चौघांनी मला उचलून हॉलच्या मधोमध, नागमोडी उभं केलं. रेडिओच्या वर्तुळावर आपटल्याचा एक चरा आला होता. ब्रश घेऊन आलेल्या मॉनिटरला तिनेच थांबवलं. राहू दे, म्हणाली, वर्तुळालाही श्वास घ्यायला खिडकी हवी. चौदा मिनिटांत एवढं शहाणपण येतं, तर तासाभरात काय झालं असतं!

संध्याकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी पाटीवर लेकीचं नाव वाचलं, मागे जाऊन सगळ्यात खालची रेघ पाहिली, आणि मुंगीला तिच्या शेजारी उभं केलं. पर्समधून पेन्सिल काढून नवी रेघ मारली.

आता मी शाळेच्या प्रथमोपचाराच्या खोलीत असतो. पुढे नदी, नमस्कार आणि वर्तुळ, मागे खाट. पुन्हा माझ्या आड कुणी हळूच डोळे पुसतं. मित्रांनो, घरातलं जुनं काही काढून टाकायच्या आधी ते एकदा उलटून बघा. आणि ज्याला वाकूनच उभं राहता येतं, त्याला बळेच सरळ करू नका. तो आपला भार बरोब्बर पेलतोय.

काल पाचवीतल्या एका मुलीने गुडघ्याला औषध लावून घेताना माझ्या पाठीवर पाच नखं ओढली. मग घाबरून म्हणाली, खराब झालं. शेजारी उभ्या मुंगीने खिशातून बारीक ब्रश काढला आणि लाल रंगाची डबी उघडली.