आजचं अक्षर

कुंचल्याच्या टोकाला कापसाचा तंतू चिकटला होता, आणि गाठीच्या तरटावर काढलेल्या ‘न’ला त्यामुळे बारीकशी मिशी फुटली होती... पण ‘न’ कुठून आला? व्यापाऱ्याची खूण तर ‘म’.

नत्थुजी मुकादमाला सगळ्या वर्णमालेतलं एकच अक्षर येई, स्वतःच्या नावाचं. तो थबकला.

"काहून बे सूर्यभान, ही गाठ माया नावानं चालली का विलायतेले?"

"चुकलं जी."

"चुकू दे. पन उद्या सकाळी सांग, दिवसभर येतं का नाई. अर्ध्या दिवसाचा मानूस मले नाई पुरत आता."

सकाळी शाळा, दुपारी गाठी, असं आजवर चाललं होतं. आज पहिल्यांदाच सूर्यभान सकाळीही इथंच आला. दूर अमेरिकेत माणसं आपसांत लढताहेत, म्हणून तिकडचा कापूस विलायतेला पोचत नाही, म्हणून अमरावतीत कापूस मावत नाही, म्हणून आज आपलं त्रैराशिक बुडालं — लढणाऱ्यांना हे कोणी कळवलं असेल असं वाटत नाही.

आणि ‘न’... तो आज घरी न्यायचा होता.

लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी बायकोनं, जयवंतानं, विचारलं होतं, "आज काय शिकले जी शाळेत?" त्रैराशिक कसं सांगायचं, म्हणून तो लाजून म्हणाला, ‘अ’, आणि बोटानं धुळीत काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी ‘आ’ आणणं भागच पडलं. गेला दीड महिना तो रोज एक अक्षर शिकत होता — एकोणीस वर्षांचा बाप्या — आणि ती त्याच्यासोबत गिरवत होती, त्याला धीर देत होती. ‘ङ’च्या दिवशी तर तिनं भाकरीवर जास्तीचं तूप घातलं, अवघड होतं ना.

तिच्या नावातला ‘ज’ येऊन गेला. ‘य’ आजचा ‘न’ धरून सातवा.

अक्षरांना शाळा कशाला? दिवसभर गाठी रंगवून, घराच्या वळणावर आठवून नेलं तरी तिला कळणार नाही... कळणार नाही, हेच त्याला सलत होतं.

घरी तिनं चुलीपुढची राख सारखी करून ठेवली होती. बोट तयार.

"आज कोणतं आणलं?"

त्याच्या अंगठ्यावर ‘न’ची शाई अजून ओलसर होती. त्यानं मूठ मिटली.

"आज... शाळेतच नाही गेलो."

तिनं राखेवरून उगाच एकदा हात फिरवला.

"मंग उद्या दोन आणजा." आणि जरा वेळानं, काळजीनं, "एका दिवसात दोन झेपतीन ना तुमाले?"

त्याला हसू यायला हवं होतं. तो त्या कोऱ्या राखेकडे बघत राहिला — कुठून सुरू होतो बरं, आडव्या रेघेपासून की गाठीपासून... आणि ‘न’ आपल्याला खरंच अजून येत नाही, असं त्याला वाटू लागलं.