कमरेतून तीस अंश

"अजून खाली!" मॅनेजरनं टर्नरच्या मानेवर लाकडी पट्टी ठेवून दाबली. "तीस अंश म्हणजे तीस अंश."

बावीस वर्षं लेथवर केसाचाही फरक न पडू देणाऱ्या माणसाला मॅनेजर अंश शिकवत होता. टर्नर मुकाट वाकला. आठ दिवस सगळं खातं असंच वाकत होतं. कारखाना जपानी मालकांनी विकत घेतला होता. चालवायचा की टाळं लावायचं, ते आज ठरणार होतं. नीट बोला, नीट वाका, पोटं वाचतील, असं मॅनेजर म्हणाला होता. पोटासाठी माणूस कुत्र्यासारखा भुंकेल, हे तर चार गोड शब्द. सकाळी 'ओहायो गोझाइमासु', पहिल्या भेटीत 'हाजिमेमाश्ते', चुकलं-माकलं तर 'सुमिमासेन'. बाकीच्यांनी कामापुरतं घोकलं. टर्नरनं मात्र वाटलेली पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत पाठ केली. तेव्हापासून सगळे त्याला मास्तर म्हणायला लागले.

"मास्तर, तिकडचे जावईच शोभाल!" ग्राइंडरवरचा जाड्या खिदळला.

"तोंड आवर. आले बघ."

अकरा वाजले होते. रांगेनं एका सुरात 'ओहायो गोझाइमासु' ठोकलं. तिघं पाहुणे हसले नाहीत. त्यांतला म्हातारा लेथपाशी थांबला. टर्नरनं कातलेला दांडा त्यानं उजेडात फिरवून पाहिला, अलगद खाली ठेवला. मग टर्नरसमोर वाकला, पार गुडघ्यांपर्यंत, आणि सावकाश म्हणाला, "नागाइ आइदा, ओत्सुकारेसामा देशिता."

त्यांच्याबरोबरची दुभाषी बाई भाषांतर न करता फरशीकडे बघत राहिली. मॅनेजरनं टाळ्या सुरू केल्या. टाळ्या कडाडल्या.

टर्नरच्या हातातला चिंधीचा बोळा गळून पडला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचं वाक्य होतं ते. नोकरी कायमची सोडून जाणाऱ्याला म्हणायचं : इतकी वर्षं फार राबलात.

"काय म्हणाला हो?" जाड्यानं त्याची बाही ओढली. "वाचलो ना?"

चाळीस तोंडं त्याच्याकडे बघत होती.

"कष्टांचं कौतुक केलं," टर्नर म्हणाला.

"मग आपण काय म्हणायचं?"

टर्नरनं खाली पडलेला बोळा उचलला. "आभार माना. 'आरिगातो गोझाइमासु.'"

वरचे पत्रे दणाणले. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

जाड्याचा चेहरा आनंदानं लाल झाला होता.

"बरोबर बोललो ना, मास्तर?"

"एकदम बरोबर."