चटईखालची पेटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावरची चटईनं झाकलेली पेटी गुरगुरली, तिच्यातून एक कागद सरकत बाहेर आला आणि बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"टोकियोची ऑर्डर! वीस किलो व्हॅनिला!" मोसेसे ओरडला. ऑकलंडहून आलेला, एवढ्या उकाड्यातही बूट न काढणारा, एक हात सतत खिशात ठेवणारा माणूस. "मावश्यांनो, तुम्हाला काही शिकायचं नाही. पेटी सगळं शिकून बसलीय. तिला फक्त खुराक हवा. ते सहा कॉम्प्युटर माझ्या ट्रकमध्ये चढवा, त्यांतलं ज्ञान मी पेटीत ओततो."

सेमीसीचं तोंड कडू झालं. ते सहा कॉम्प्युटर त्याच्या बायकोनं, आनासेईनीनं, परदेशातल्या नातेवाइकांच्या हात धुऊन मागे लागून आणवले होते. दर मंगळवारी ती इथे शिकवायची: मालाचा फोटो कसा काढायचा, गिऱ्हाइकाला थेट कसं गाठायचं. यायच्या चारच जणी. तिला जाऊन आठ महिने झाले. पेटीवरची चटईही तिनंच विणलेली. मानाची म्हणून गावानं मागून नेली होती. मानाची चटई घातली, की खालच्या वस्तूला टोंगाच्या या व्हावाऊ बेटावर कुणी बोट लावत नाही. मोसेसेला हे पक्कं ठाऊक होतं.

"काल समुद्रातली केबल तुटली," सेमीसी म्हणाला. "बेटावर इंटरनेट नाही. बँकसुद्धा बंद आहे. मग टोकियोवाल्यांनी पेटीला गाठलं कसं?"

"श्रद्धेला केबल लागत नाही, दादा!"

लोक खदखदले. मावश्यांमधली फिफिता म्हणाली, "सेमीसीदादा, वहिनी गेल्यापासून तुम्हाला काही गोडच लागत नाही."

सेमीसी टेबलापाशी गेला. "चटई माझ्या बायकोची आहे. घरी नेतो," म्हणाला, आणि त्यानं ती उचलली.

लोक माना उंचावून पाहू लागले. खाली शाळेत असतो तसला साधा प्रिंटर.

"आता खिशातला हात काढ," तो मोसेसेला म्हणाला. "दोन्ही हात वर कर आणि बोलाव टोकियोला."

मोसेसेनं हात वर केले, डोळे मिटले, बराच वेळ पुटपुटला. कागद काही येईना. मग फिफितानंच त्याच्या खिशातून फोन ओढला आणि बटण दाबलं. प्रिंटर गुरगुरला. सिडनी. टोकियो. पुन्हा टोकियो.

"ऑर्डरी यानं आधीच लिहून ठेवल्यात," सेमीसी म्हणाला. "फोन जवळ असला, की प्रिंटर इंटरनेटशिवायही छापतो. आनासेईनीनं हे दुसऱ्याच मंगळवारी शिकवलं होतं. तुम्ही आला नव्हतात."

त्याला किळस आली होती. मोसेसेची कमी, गावाची जास्त. पलीकडच्या बेटावर पन्नास बायका हेच शिकल्या. आज त्या व्हॅनिलाचा अर्क काढतात, बाटल्या भरतात, जगभर विकतात. त्या बेटाकडे मोसेसे फिरकलासुद्धा नव्हता.

"ट्रक रिकामा जाऊ दे," फिफिता खाली मान घालून म्हणाली. "दादा, मंगळवारी दार उघडाल?"

"उघडीन. चटईही अंथरीन, बसायला."

"मानाची चटई? बसायला?"

"मान शिकणाऱ्याचा. आणि यापुढे कुणी काही झाकून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी झाकण उचला."