हाफ क्लचवर आठ

उमर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाला. हे वाचलं असेल तर विसरून जा, कारण पुढचं सगळं तो पास झालाच नाही असं धरून घडलं.

जळगावजवळच्या त्या मैदानात इंग्रजी आठाच्या आकाराचा अरुंद रस्ता आखला होता. आत शिरायचं, आठ काढायचा, शिरलो तिथूनच बाहेर. पाच सेकंदांहून जास्त थांबलं की नापास, पट्ट्याला चाक लागलं की नापास. उमरने असा आठ काढला की पट्ट्यावरचा चुना हलला नाही. तो चोपड्याला अतिकमामूंच्या पिकअपवर शिकला होता, आणि केळी भरताना गाडी चालवायची ती डोक्यावर घड घेतलेल्या मजुराच्या चालीनं. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच दाबून; ना धक्का ना ब्रेक.

फक्त बाहेर पडायच्या तोंडाशी, त्याच्या मागून परीक्षेला शिरलेल्या झुलालनानांची गाडी बंद पडली होती.

"नाना, उतरा, गाडी ढकलू!" उमरसोबत आलेले मामू पट्ट्याबाहेरून ओरडले.

"उतरनू का नापास! मी थांबनू नही, गाडी बंद पडनी. साहेब जेवीसन येऊ दे, मंग फैसला."

साहेब डबा खायला गेले होते. संगणकानं 'उत्तीर्ण' दाखवलं होतं, पण गाडी बाहेर पडल्याशिवाय कागद छापायला तो तयार नव्हता. आणि उमरला तो कागद घेऊन पाचच्या आत धुळ्याच्या डेअरीत पोचायचं होतं; नाहीतर ड्रायव्हरची जागा दुसऱ्याला.

थांबलं की नापास, म्हणून तो फिरत राहिला. सहाव्या फेरीला मामू खिडकीशेजारून चालू लागले.

"मामू, क्लच जळाल्याचा वास येतोय."

"येऊ दे. बंद पाडू नकोस, माझं नाव जाईल."

"बंद पडली तर घरी तरी जाईन!"

"आणि धुळ्याला?"

उमरने पुढचं वळण घेतलं. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय उचलावा तर गाडी उसळून पट्ट्यावर, दाबून धरावा तर गाडी थांबून पाच सेकंद उलटणार. तिसाव्या फेरीला सव्वादोन वाजले. नानांनी सीट मागे पाडून डोळे मिटले.

"मामू, पेन आहे? अर्ज लिहा."

मामूंनी चालत चालत टपावर कागद टेकवला.

"प्रति, मा. परीक्षक साहेब. महोदय, अर्जदार दुपारी १.१० पासून आपल्या आठात आहे. इंग्रजी 8 ला टोक नसल्याने अर्जदाराची नोकरी धोक्यात आली आहे. मराठी ८ मात्र दोन्हीकडून उघडा असतो. तरी अर्जदार आत असताना व गाडी न थांबवता सदर ट्रॅक तातडीने मराठीत करून मिळावा, ही नम्र विनंती."