कडुबाच्या पुस्तकाचं पहिलं पान

आप्पासाहेब वाकळ्यांच्या घरी नवा माणूस आला की त्याला पाणी मिळायच्या आत पुस्तकं दाखवली जायची. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं आणि त्याच्या मधल्या कप्प्यात फक्त तीन पुस्तकं. तिन्ही इंग्रजी, तिन्ही मासे धरण्यावरची, आणि तिन्हींवर लिहिणाऱ्याची सही. गळाला गांडूळ लावून मासा कुणीही धरतं, आप्पासाहेब सांगायचे, ही फ्लाय फिशिंग आहे. पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी गळाला बांधायची आणि लांब काठीनं ती पाण्यावर अशी अलगद टाकायची, की माशाला वाटलं पाहिजे खरंच काहीतरी खायचं पडलं. हे सांगताना ते उभे राहून हात मागं-पुढं करून दाखवत, आणि पाहुणा बिचारा पोहे कधी येतात त्याची वाट बघत बसे.

पुस्तकं लिहिणारा पीटर व्हिटकोम नावाचा गोरा माणूस. बालपण डेहराडूनला गेलेलं, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. अठ्ठ्याऐंशीपासून सलग तीन हिवाळे तो पैठणला आला. धरणाच्या खाली नदीच्या खडकाळ पात्रात त्याला महाशीर नावाचा मोठा मासा धरायचा होता, तोही खोट्या माशीनं. आप्पासाहेब तेव्हा पाटबंधारे खात्यात उपअभियंता. विश्रामगृहाची खोली, जीप, जेवणखाण, सगळं तेच बघायचे, आणि संध्याकाळी साहेबासोबत कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहायचे. तिथंच त्यांनाही हा नाद लागला तो कायमचा.

पुस्तक दाखवताना त्यांची एक लकब होती. पहिलं पान उघडायचे, सही दाखवायचे, पण सहीच्या वरच्या ओळीवर अंगठा ठेवूनच. पहिल्या दोन पुस्तकांत वर 'शुभेच्छांसह' एवढंच होतं. तिसऱ्यात 'उत्तम बंदोबस्ताबद्दल आभार.' बंदोबस्ताबद्दल! तीन वर्षं थंडीत पाय गारठवून घेतले, आणि मिळालं काय, तर पाहुणा लग्नघरातून निघताना आचाऱ्याला म्हणतो तेवढं. पण पस्तीस वर्षांत अंगठा कुणी उचलायला लावला नाही, तेव्हा आप्पासाहेबांचंही बरं चाललं होतं.

गेल्या महिन्यात औरंगपुऱ्यातल्या वाचनालयानं टूम काढली. सभासदांकडची सही केलेली पुस्तकं एका रविवारी मांडून ठेवायची, आणि ज्याचं पुस्तक त्यानं चार लोकांसमोर त्याची आठवण सांगायची. आप्पासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी आठवणीचा कागद लिहून दिला. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'गोदावरीतला महाशीर कसा धरायचा हे पीटरसाहेबांना मी शिकवलं.' बुधवारी पुस्तकं न्यायला वाचनालयातून एक मुलगी आली, करुणा नावाची. इंग्रजीत एम.ए. झालेली, चुणचुणीत. पुस्तकं पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली, "सर, या लेखकाचं एक पुस्तक माझ्या आजोबांकडंपण आहे. तुम्ही ओळखता त्यांना. कडुबा."

आप्पासाहेबांचा चहा बशीत सांडला. कडुबाला ते न ओळखतील कसे? विश्रामगृहाचा चौकीदार. पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या काठ्या वाहणारा, आणि निवृत्तीनंतरही दोन-तीन महिन्यांनी बिडकीनहून एसटीनं येऊन दारात ताजी मरळ ठेवून जाणारा. करुणा सांगत राहिली. आजोबा ते पुस्तक पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात, कुणाला हात लावू देत नाहीत. नातीनं इंग्रजीत एम.ए. केलं तरी तिला अजून नुसतं बाहेरूनच दिसलेलं. रविवारचं ऐकल्यावर मात्र द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. साहेबांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, ते एकदा वाचून दाखवलं होतं, रविवारी सगळ्यांसमोर तेच वाचतील.

आप्पासाहेब म्हणाले, वा वा, छान. आणि करुणा गेल्यावर देवघराच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. दीपमालाताईंनी दोनदा विचारलं, काय झालं? पित्त, म्हणाले. पित्तच म्हणा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. ते पित्त पस्तीस वर्षांचं होतं.

झालं होतं ते असं. दोन हिवाळे पीटरसाहेबाच्या डबीतल्या सगळ्या विलायती माशा वापरून झाल्या, पण महाशीर काही वर येईना. तिसऱ्या वर्षी कडुबानं हात जोडून सांगितलं, की इथला मासा माशी खातच नाही. पलीकडच्या काठाला उंबराचं झाड आहे, दिवस मावळताना त्याची फळं पाण्यात गळतात, मासा ती खातो. मग त्यानं कोंबड्याचं तांबूस पीस घेतलं, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा लाल दोरा घेतला, आणि उंबराएवढी गोळी गळाला बांधून दिली. त्याच संध्याकाळी बावीस किलोचा मासा लागला. साहेबानं धरला, हातात घेऊन बघितला आणि परत पाण्यात सोडून दिला. आप्पासाहेब त्या वेळी काठावर होते. खोटं कशाला बोला, आनंद त्यांनाही झाला. पण साहेबानं वळून पहिली मिठी मारली ती कडुबाला, आणि तिथंच आप्पासाहेबांच्या पोटात पहिली कळ आली.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबानं आपलं नवं पुस्तक दोघांना दिलं. आप्पासाहेब ऑफिसातला फोन घ्यायला गेले होते, तेवढ्यात कडुबाच्या पुस्तकावर लिहूनही झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाची जीप गेल्यावर कडुबा पुस्तक घेऊन आला. म्हणाला, साहेब, काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.

आप्पासाहेबांनी पान उघडलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सबंध पान भरून लिहिलेलं होतं. त्यांच्या पुस्तकावर एक ओळ, आणि चौकीदाराच्या पुस्तकावर सबंध पान! तेही कसं, तर शिष्यानं गुरूला लिहावं तसं. आता स्पष्टच सांगते. नुसतं चौकीदार असल्याचं दुखणं नव्हतं ते. चौकीदाराच्या मागं आणखी एक शब्द होता, तो आप्पासाहेबांनी जन्मात कधी तोंडानं उच्चारला नाही आणि मनातून कधी काढलाही नाही. मग त्यांनी काय करावं? त्यांनी आपल्याच पुस्तकावरची ओळ त्याला वाचून दाखवली. 'उत्तम बंदोबस्ताबद्दल आभार.'

कडुबा म्हणाला, एवढंच? ओळी तर लई दिसत्यात. आप्पासाहेब म्हणाले, इंग्रजीत थोडक्यासाठी खूप लिहावं लागतं. कडुबानं मान हलवली, पुस्तक कपड्यात गुंडाळलं आणि काठ्या पुसायला गेला. झालं, संपलं. म्हणजे आप्पासाहेबांना वाटलं, संपलं.

आता रविवारी काय करायचं? खोटं पुन्हा वाचावं, तर शेजारी इंग्रजीत एम.ए. झालेली नात उभी. खरं वाचावं, तर कडुबाला कळणार की पस्तीस वर्षांपूर्वी साहेबांनी आपल्याला फसवलं, आणि चार लोकांना कळणार की महाशीर कुणी शिकवला. आजारी पडायचा बेत त्यांनी करून बघितला. पण मग करुणाच वाचणार, म्हणजे ते तर आणखीच वाईट. शेवटी शुक्रवारी सकाळी त्यांना मार्ग सुचला. पुस्तक आधी आपल्याकडं आणायचं, पहिलं पान ब्लेडनं मुळापासून नीट कापून काढायचं, आणि वाळवी लागली असेल म्हणायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सुना-नातवंडं असलेला, आणि त्याच्या डोक्यात हे! पण हेव्याला वय नसतं बघा. उलट म्हातारपणी रिकामा वेळ असतो, तेव्हा तो बसून पोसता येतो.

बिडकीनला कडुबाचं पत्र्याचं घर जाऊन आता स्लॅबचं झालं होतं. कडुबा ओट्यावर बसला होता. साहेबांना बघून उठायला लागला, गुडघ्यावर हात देऊन. मालनबाईंनी खुर्ची पदरानं पुसून दिली. आप्पासाहेबांनी आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनची, मग पावसाची. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी म्हणाले, पुस्तक दोन दिवस माझ्याकडं दे. जुनी शाई असते, एकदा नजरेखालून घातलेलं बरं, रविवारी अडखळायला नको.

कडुबा आत गेला. पेटीचं कुलूप वाजलं. बाहेर येऊन त्यानं पुस्तक आप्पासाहेबांच्या हातात ठेवलं. कशाला, काय, एक प्रश्न नाही. इतकं सोपं जाईल असं आप्पासाहेबांना वाटलं नव्हतं. पुस्तक काखेत मारून ते लगेच उठले.

"साहेब," कडुबा म्हणाला, "पान तेवढं काढू नका."

आप्पासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कुठलं पान, असं काहीतरी ते पुटपुटले.

"पयलंच. त्यात काय हाय ते मला ठावं हाय. लिहितानाच त्यांनी सांगितलं व्हतं. एक ओळ लिहायचे न माझ्याकडं बघून हिंदीत सांगायचे."

आप्पासाहेब पुन्हा खुर्चीत बसले. पीटरसाहेबाचं हिंदी त्यांनी स्वतः तीन वर्षं ऐकलं होतं, त्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवलं होतं. पण तो कडुबाशीही त्याच हिंदीत बोलत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. म्हणजे त्या सकाळी समोर उभा राहून 'एवढंच?' म्हणाला, तेव्हा याला सगळं ठाऊक होतं. आणि नंतरची ती सगळी वर्षं काठ्या वाहिल्या, मरळ आणून दिली, तेव्हाही ठाऊक होतं.

"मग माझ्याकडं कशाला आणलं होतंस वाचायला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं," कडुबा म्हणाला. "ते पावणे. चार दिवसांनी जाणार. तुम्ही हितले. तुम्ही म्हनला असता, तं मला खरं वाटलं असतं."

मालनबाई दारात उभ्या होत्या. पानावर काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कडुबानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. काय लिहिलंय, त्यांनी नवऱ्याला विचारलं. साहेबांना विचार, तो म्हणाला.

आप्पासाहेबांनी चष्मा लावला.  एकेक वाक्य आधी मनात इंग्रजीतून वाचायचं, मग मराठीत सांगायचं, असं करत त्यांनी वाचलं. 'कडुबाला. दोन हिवाळे मी या नदीत उभा राहून माझ्याच डबीकडं बघत होतो. पाण्याकडं बघायला तू शिकवलंस. मी जगातल्या पुष्कळ नद्यांवर गेलो, मोठमोठ्या माणसांकडून शिकलो, पण कुणाला गुरू म्हणावं असं वाटलं नव्हतं. पुढच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी लिहिणार असलो तरी ते तुझं असेल. तो मासाही तुझा. मालनबाईंना सांग, त्यांच्या लुगड्याचा दोरा मी घरी नेतो आहे.' आणि खाली सही. वाचताना मध्येच त्यांना जाणवलं, की आपण चांगलं वाचतोय, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. आपलं नाव एका पुस्तकात आहे हे त्यांना आज, पंचाहत्तरीला टेकल्यावर कळत होतं. मग त्यांनी सरळ विचारलं, "मंग तवा का नाय सांगितलं साहेब?"

सबबी पुष्कळ होत्या. गाडीत बसल्यापासून आप्पासाहेब सबबीच तर घोकत आले होते. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून एकही बाहेर येईना.

"हेवा वाटला, मालनबाई," ते म्हणाले. "आत्ता वाचतानापण वाटला."

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत कडुबा त्याच्याकडं बघत बसला.

"मला बी तुमचा वाटायचा," तो म्हणाला. "पुस्तक माझं, न त्यातलं अक्षर तुम्हाला कळायचं. लई जळायचो. रात रात झोप यायची नाय. पर तुमची काठी माझ्या खांद्यावर असायची साहेब. येकदा बी मोडली नाय."

त्यानं हात पुढं केला. आप्पासाहेबांनी पुस्तक त्याच्या हातात परत दिलं.

"रविवारी करुणा वाचंल," कडुबा म्हणाला. "तुम्ही म्होरं बसा न ऐका."

आप्पासाहेब बरं म्हणाले. मालनबाईंनी चहा केला तो मान खाली घालून प्याले, आणि निघाले. पोटातली आग काही विझली नव्हती, ती अशी एका सकाळीत विझत असती तर काय हवं होतं. पैठण रस्त्याला लागल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि करुणाला फोन लावला. माझ्या कागदावरचं पहिलं वाक्य खोड, म्हणाले. तिनं विचारलं, सर, मग त्याच्या जागी काय लिहू?

शेजारून एमआयडीसीच्या बसेस जात होत्या. फोनवर करुणा दोनदा हॅलो म्हणाली.

"लिही," आप्पासाहेब म्हणाले, "पीटरसाहेबांना कडुबानं शिकवलं. मी काठावर उभा होतो."