सीताफळाचं विरजण

नेकनूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत गंगासागरबाईंचं दही प्रसिद्ध होतं, आणि त्याहून प्रसिद्ध होतं ते त्या दह्याबद्दलचं त्यांचं बोलणं. लग्न होऊन सिरसाळ्याहून आल्या तेव्हा आईनं भांड्याकुंड्यांबरोबर विरजणाची वाटीही दिली होती, चिनी मातीची, निळ्या काठाची. तेव्हापासून रोज रात्री कोमट दुधात त्या वाटीतलं चमचाभर दही पडे आणि सकाळी लागलेल्या दह्यातलं थोडं पुन्हा वाटीत येई. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिचं दही या घरात रोज लागत होतं. त्याचा गंगासागरबाईंना मनापासून आनंद होता. फक्त तो आनंद त्या गुपचूप भोगत नसत, चारचौघांना ऐकवत असत.

सगळ्यात जास्त ऐकावं लागे ते धाकट्या भावाला. महांतेश सिरसाळ्यातच होता. त्याच्या घरचं विरजण कुणाच्याशा लग्नाच्या धांदलीत संपून गेलं आणि पुढं पिशवीतलं दही येऊ लागलं. दर कार्तिकात कपिलधारचं दर्शन घेऊन परतताना तो अक्काकडं जेवायला थांबे आणि मागून मागून दहीभात खाई. गंगासागरबाई वाढता वाढता न चुकता म्हणत, "खा बाबा, पोटभर खा. तुमी मायचं दही बुडवलं, माझ्याकडं हाय." महांतेश कसनुसं हसे आणि खाली मान घालून भात कालवी.

शेजारच्या केशरबाईंचंही विरजण अधूनमधून बिघडायचं. त्या भिंतीवरून वाटी पुढं करायच्या, पण नेमक्या दिवेलागणीनंतर. मग गंगासागरबाई देवघराकडं बोट दाखवायच्या. "दिवे लागले, केशरबाई. आता घरातलं पांढरं बाहेर जात नसतं. सकाळी या." केशरबाई वाटी तशीच घेऊन परत जायच्या आणि सकाळी येऊन विरजण न्यायच्या. असं एकदा नाही, अनेकदा झालं होतं.

अशा घरात शिवांजली सून म्हणून आली, आणि येताना मोबाइलमधून स्मूदी घेऊन आली.

ती अंबाजोगाईची, हसतमुख, हाताला उरक असलेली पोर. दही, पिकलेलं केळं, भिजवलेले खजूर आणि हाताला लागेल ते फळ मिक्सरमध्ये घालायची, घर्रर्र करून पेले भरायची. पपई झाली, पेरू झाला, आणि दसऱ्यानंतर डोंगरातली सीताफळं बाजारात आली तशी रोज सीताफळ. सासरे विरुपाक्षअप्पा दुकानात जाण्याआधी पेलाभर पिऊन मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "लई झ्याक!"

गंगासागरबाईंना हे बिलकूल मंजूर नव्हतं. दह्यात फळ? पोटात दोघांची मारामारी होणार, अंगाला खाज सुटणार, थंडीच्या दिवसांत छाती भरणार. त्यांनी हे सगळं सुनेला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, भिंतीपलीकडं केशरबाईंनाही सांगितलं. "दही भाकरीसंगं खायचं, भातासंगं खायचं. त्याचा असा चिखल कावून करायचा?" शिवांजली वाद घालत नसे. रोज एक पेला झाकून सासूसाठी ठेवी, आणि रोज गंगासागरबाई तो नवऱ्याकडं सरकवत.

मग एके दिवशी मिक्सरचं भांडं विसळताना त्यांचं बोट कडेला लागलं आणि ते बोट तोंडात गेलं. त्यानंतर त्या बराच वेळ नळ चालू ठेवून उभ्या राहिल्या. पण इतकं बोलून झाल्यावर आता पेला मागायचा कोणत्या तोंडानं? त्या दिवसापासून मिक्सरचं भांडं घासायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. सुनेला वाटलं, आत्याबाईंना आपली दया आली.

महांतेश यायचा होता त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी विरुपाक्षअप्पा दुकानात, शिवांजली आत झोपलेली, आणि टोपलीत एक सीताफळ असं पिकलेलं की हात लावला तर फुटावं. गंगासागरबाईंचा जीव राहीना. मिक्सर लावला असता तर सून जागी झाली असती. पण त्यांना मिक्सरची गरजच नव्हती. त्यांनी गर गाडग्यात काढला, ताक घुसळायची रवी घेतली आणि हलक्या हातानं फिरवली. काळ्या बिया सुट्या होऊन बाजूला आल्या आणि गर लोण्यासारखा झाला. बिया वेचता वेचता त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. सुनेला हीच गोष्ट चाळणीवर बोटं घासून करायला किती वेळ लागायचा!

आता दही. मोठं गाडगं सकाळच्या कढीत रिकामं झालेलं. उरली होती फक्त निळ्या काठाची वाटी. एक चमचा घेऊ, बाकीचं राहील, असं म्हणून त्यांनी चमचा घेतला. पण चव जमेना, थोडं आंबट हवं होतं. आणखी एक घेतला. मग गोडी जास्त वाटली, म्हणून आणखी. शेवटी रात्रीच्या विरजणापुरतं तेवढं वाटीच्या तळाला ठेवलं आणि पेला तोंडाला लावला. डोळे मिटून निम्मा संपवला. उरलेला संध्याकाळसाठी पिठाच्या डब्यामागं झाकून ठेवला. मग गाडगं धुतलं, चमचा धुतला, रवी धुतली, आणि जन्मभर भांडी घासलेल्या हातानं त्याच ओघात वाटीही धुऊन पालथी घातली.

ते कळलं दिवे लागल्यावर. दूध कोमट झालं होतं. गंगासागरबाईंनी सवयीनं वाटीकडं हात नेला, आणि वाटी कोरडी ठणठणीत निघाली.

त्या तिथंच पाटावर बसल्या. आईच्या हातचं जे एवढ्या वर्षांत तापानं, बाळंतपणांनी, दुष्काळातल्या पाण्यानं संपलं नाही, ते आज जिभेच्या लाडापायी मोरीतून गेलं. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याची लाजही वाटली. उद्या महांतेश येणार, ताटावर बसणार आणि वर्षाचा दहीभात मागणार. त्याला काय पिशवीतलं वाढायचं? आणि इतकी वर्षं त्याला जे ऐकवलं, त्यापायी आता तोंड कुठं लपवायचं?

शिवांजली आली तशी ती घाबरलीच. "आत्याबाई, काय झालं? दुखतंय का कुठं?"

"दुखत न्हाई. विरजण संपलं."

"संपलं? कसं?"

गंगासागरबाईंनी काही क्षण उंदराचा विचार केला. पण पोरीचा चेहरा इतका काळजीचा होता की त्यांच्यानं खोटं बोलवेना. "मी प्याले," त्या म्हणाल्या. "सीताफळात घालून. तू झोपली व्हतीस."

शिवांजलीनं हसू दाबलं, पण ते डोळ्यांतून बाहेर आलंच. "मग केशरबाईंकडून आणते की. त्यांचं तुमचंच हाय."

"दिवे लागलेत." गंगासागरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "त्यांना कितींदा परत पाठवलंय मी. आता मी कोणत्या तोंडानं मागू?"

शिवांजलीनं कोरडी वाटी उचलून पाहिली. मग तिनं विचारलं, "सगळं प्यालात? थोडंबी न्हाई ठेवलं?"

गंगासागरबाईंनी पिठाच्या डब्याकडं पाहिलं. सुनेनं मागं हात घालून पेला काढला, झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "मग विरजण गेलंय कुठं? हे काय, यातच हाय."

"त्यात फळ हाय, बाई! दूध नासंल."

"आंबट फळ असतं तर नासलं असतं. सीताफळ हाय हे. बघू तर."

तिनं पेल्यातलं सगळं कोमट दुधात घातलं, हलवलं, गाडग्याला जुनं लुगडं गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. गंगासागरबाई त्या रात्री उठून उठून गाडग्याला हात लावून आल्या. आत डोकवायचा धीर मात्र झाला नाही.

सकाळी शिवांजलीनंच लुगडं सोडलं. दही लागलं होतं. अगदी सुरीनं कापावं असं नाही, जरा सैल, किंचित पिवळसर, पण लागलं होतं. गंगासागरबाईंनी चव घेतली. मागं आईचा तोच आंबटपणा होता, पुढं सीताफळ उभं होतं. त्यांनी सुनेच्या गालाला हात लावला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

महांतेश दुपारी जीपनं आला, कपाळाला भस्म, हातात प्रसाद, आणि सोबत सहा वर्षांची नात रुद्राणी. पानं वाढली. दहीभात वाढायची वेळ आली तसा तो सवयीनं खाली मान घालून बसला. गंगासागरबाई गाडगं घेऊन उभ्या राहिल्या.

"महांतेश, आधी ऐक. मायचं विरजण काल मीच बुडवलं. माझ्या जिभेपायी. हे शिवांजलीनं वाचवलंय, माझ्या उष्ट्या पेल्यातनं. चव बदललीय. खायचं तर खा, न्हाईतर राहू दे."

महांतेशनं मान वर केली. अक्काकडून असलं काही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं घास घेतला, सावकाश चघळला आणि नुसताच बघत राहिला. रुद्राणी मात्र थांबली नाही. घरी दह्याकडं तोंड फिरवणारी ती पोर वाटी चाटून म्हणाली, "आजोबा, आपल्याकडं असं दही कावून नसतं?"

महांतेशचे डोळे भरले होते. "मायचंच हाय, अक्का," तो एवढंच म्हणाला आणि पुन्हा ताट पुढं केलं.

गप्पांत संध्याकाळ झाली. गंगासागरबाईंनी देवापाशी दिवा लावला. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, नात चढून बसली, तरी महांतेश उंबऱ्यातच चप्पल शोधत राहिला. चप्पल पायातच होती.

"अक्का, एक मागू का?" तो हळूच म्हणाला. "दर वरसाला मागायचं ठरवून यायचो. मग तू म्हणायचीस, तुमी बुडवलं. मग जीभच उचलायची न्हाई. मला थोडं विरजण दे."

गंगासागरबाईंना आता उमगलं. दर वर्षी तो मान खाली घालायचा ती लाजेनं, आणि आपल्याला वाटायचं, भातावर मन आहे. त्या तडक आत गेल्या. निळ्या काठाची वाटी दह्यानं भरली, वर ताटली ठेवली, फडक्यात गच्च बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"ही मायची वाटी कावून देतीस? डब्यात दे की."

"राहू दे. वाटी परत द्यायला तरी पुढल्या कार्तिकाआधी येशील."

भिंतीपलीकडून केशरबाईंचं डोकं वर आलं. त्या बहुधा मघापासूनच उभ्या होत्या. "वैनी," त्या म्हणाल्या, "दिवे लागलेत की!"

गंगासागरबाईंनी देवघरातल्या दिव्याकडं पाहिलं, भावाच्या हातातल्या गाठोड्याकडं पाहिलं.

"लागले तर लागले," त्या म्हणाल्या. "वाटी घेऊन या तुमीबी."